नव्या पिकअपवर पट्टे मारावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या वाडी, कळमना आणि कामठी रोडच्या गाड्यांवर रेडियम आणि स्टिकरचं काम करता करता मला बावीस वर्षं झाली. त्याआधी वडिलांच्या हाताखाली ब्रश धरून गाड्यांवर नावं लिहायचो. नवी पिकअप घेऊन माणूस दुकानासमोर उतरतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर वेगळाच उजेड असतो. त्या आनंदात घाईघाईने केलेलं काम सहा महिन्यांनी खरवडून काढायलाही तोच माणूस माझ्याकडे येतो, आणि तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. लोक हे प्रश्न उभ्याउभ्या विचारतात, पण त्यांची उत्तरं उभ्याउभ्या देता येत नाहीत. म्हणून ती इथे सावकाश लिहिली आहेत.

भाऊ, गाडी कालच शोरूममधून काढली. आजच पट्टे मारून देता का?

मारता येतात. पण माझं ऐकाल तर पंधरा दिवस थांबा.

रंगाची अडचण नाही. केबिनचा रंग कारखान्यात भट्टीतून काढून पक्का केलेला असतो, त्याच्यावर दुसऱ्या दिवशीही स्टिकर बसतं. थांबायचं ते गाडीला कुठे काय घासतं हे कळण्यासाठी. कळमन्याला संत्र्याचे क्रेट उतरवताना हमालाचा खांदा आणि क्रेटचा कोपरा हौद्याच्या, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागाच्या, एकाच जागी लागत राहतो. ताडपत्रीचा दोर खालच्या हुकांना आवळला की बाजूच्या पत्र्यावर रोज तीच रेघ ओढतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत लोखंडी माल भरणाऱ्याची गाडी मागच्या कोपऱ्यांवर झिजते, दुधाच्या कॅनवाल्याची फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवर. पंधरा दिवसांनी गाडी धुऊन तिरप्या उन्हात बघा. बारीक चरे कुठे पडले ते गाडी स्वतः दाखवते. त्या जागा सोडून जे उरतं, तेवढ्यावरच पट्ट्याचा विचार करायचा.

एक अपवाद लक्षात ठेवा. पुष्कळ जण केबिन-चेसिस घेतात आणि हौदा इथल्या बॉडी बिल्डरकडून बांधून घेतात. तो रंग भट्टीत भाजलेला नसतो, हवेवर वाळतो. वरून कोरडा लागला तरी आतला थिनर कित्येक दिवस बाहेर पडत असतो. त्याच्यावर लगेच स्टिकर लावलं की वाफ अडकते आणि पट्टीखाली मोहरीएवढे फुगे येतात. पुढे पट्टी काढायला गेलात तर रंगाचा पापुद्रा तिच्यासोबत निघतो. अशा हौद्याला महिनाभर तरी हवा लागू द्या, आणि पेंटरला विचारूनच हात लावा. धक्का लागून पुन्हा रंगवलेल्या दारालाही हेच लागू.

पट्टे मारावेत की नाही, एका वाक्यात सांगा ना.

गाडी पाच-सहा वर्षं स्वतःकडे ठेवणार असाल, पट्टा केबिनपुरता ठेवणार असाल आणि चांगल्या फिल्मचे पैसे द्यायची तयारी असेल, तर जरूर मारा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर गाडी पांढरीच ठेवा, ती तशीही सुंदर दिसते.

आरटीओ अडवेल का? पासिंगला त्रास होईल का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसीतली माहिती जुळणार नाही, असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. गाडीचा रंग आरसीत लिहिलेला असतो. पांढऱ्या गाडीवर चार बोटांचा पट्टा असेल तर गाडी पांढरीच राहते. पण अख्खी केबिन काळ्या फिल्ममध्ये गुंडाळली तर आरसीतला रंग आणि रस्त्यावरचा रंग वेगळा झाला. तसं करायचं असेल तर आधी आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पट्टा एवढा मोठा करू नका की गाडीचा मूळ रंग कोणता, असा प्रश्न बघणाऱ्याला पडावा. एमएच ३१ असो, ४० असो की ४९, गाडी तपासणारा साहेब आधी लांबूनच बघतो.

पट्ट्याखाली कधीच झाकू नयेत अशा गोष्टी आहेत. मालवाहू गाडीच्या अंगावर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. ती सजावट नव्हे, कायद्याने लिहावी लागणारी माहिती आहे. नंबर प्लेट, दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर यांच्या कडेवरसुद्धा स्टिकर चढू देऊ नका. काचेला पट्टी किंवा फिल्म लावायचा आग्रह तरुण मुलं करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचेवरच्या काळ्या फिल्म बंद केल्या, तेव्हापासून मी काचेचं काम घेत नाही.

सैन्याच्या गाड्यांचा ऑलिव्ह हिरवा रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे खासगी माणसाला वापरता येत नाही. पानाफुलांच्या लष्करी नक्षीचे पट्टे मागणारे येतात, त्यांना मी हात जोडून दुसरा रंग सुचवतो. आणि फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' लिहून मागू नका. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्येच बंद केलं आहे.

रेडियम, स्टिकर आणि रंग यांत फरक काय?

आपल्याकडे सगळ्यालाच रेडियम म्हणतात. खरं तर दिव्याचा उजेड पडला की जी चमकते तीच रिफ्लेक्टिव पट्टी. साधं स्टिकर म्हणजे विनाइलची रंगीत फिल्म. ती प्लॉटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापायच्या यंत्रावर, कापली जाते आणि मागच्या गोंदाने बसते. तिसरा प्रकार रंगाचा पट्टा, मास्किंग टेप लावून स्प्रे गनने मारलेला.

माझे वडील हातानेच पट्टा ओढत. दोन टोकांना माणसं उभी करायची, खडूची पूड लावलेली दोरी ताणायची आणि मधोमध टिचकी मारायची. पत्र्यावर पांढरी रेघ उमटली की लांब केसांच्या ब्रशने एका श्वासात ती भरत जायचं. रेघ ओढताना बोलायचं नाही, हा घरातला नियम होता. त्या रेघेत जो जिवंतपणा होता तो प्लॉटरच्या कापात येत नाही, हे मी आजही मानतो. तरीही नव्या गाडीवर मी रंगाचा पट्टा सुचवत नाही. त्यासाठी कंपनीचा चकचकीत थर आधी पॉलिश पेपरने घासावा लागतो. तो एकदा घासला की परतीची वाट नाही, आणि त्या भागाच्या रंगावर कंपनीची वॉरंटी राहते का, हा वाद वेगळाच. स्टिकर निघतं. रंग निघत नाही.

नागपूरच्या उन्हात हे टिकणार किती?

सगळ्यात कळीचा प्रश्न हाच, आणि तो सगळ्यात कमी लोक विचारतात.

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान होतं. ते सावलीतल्या हवेचं. दुपारी दोनला उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं बोनेट त्याच्या कितीतरी वर जातं, तळहात टेकवत नाही. त्या पत्र्याला चिकटून फिल्म बसलेली असते. वरून अतिनील किरण रंग खातात, खालून पत्रा गोंद भाजतो. रात्री गाडी थंड होते, सकाळी पुन्हा तापते. पत्रा आणि प्लास्टिक सारखं फुगत नाहीत आणि सारखं आकसत नाहीत, त्यामुळे ताण नेहमी कडेवर येतो.

आता फिल्मचे दोन प्रकार समजून घ्या, कारण अर्धा निर्णय इथेच होतो. एक कास्ट, दुसरी कॅलेंडर. कास्ट फिल्म धिरड्यासारखी असते. पातळ मिश्रण तव्यावर ओतावं तसं सपाट कागदावर ओतून तिला तापवतात. तिला कोणी ओढलेलं नसतं, म्हणून ती आकसायलाही जात नाही. जाडी साधारण पन्नास मायक्रॉन, अंगासरशी बसते. कॅलेंडर फिल्म लाटलेल्या पोळीसारखी. गरम रुळांमधून दाबून तिला पसरवलेलं असतं. मैद्याची पोळी लाटून बाजूला ठेवली की हळूहळू पुन्हा लहान होते, तसंच या फिल्मचं होतं. ऊन लागलं की ती मूळ आकाराकडे जायला बघते. पट्टी कडेने केसभर आकसते आणि मागे गोंदाची काळी रेघ उघडी पडते. त्या रेघेवर धूळ बसते. उमरेड, सावनेरकडे फिरणाऱ्या गाडीवर तर कोळशाची पूड बसते, आणि मग कितीही धुवा, पट्ट्याला काजळ घातल्यासारखी कड दिसत राहते.

माझ्या हातून गेलेल्या गाड्यांचं सांगतो. स्वस्त कॅलेंडर फिल्म बोनेटवर दुसऱ्या उन्हाळ्यानंतर तडकायला लागते. दारावर, म्हणजे उभ्या पत्र्यावर, ती तीन वर्षं तग धरते. चांगली कास्ट फिल्म दारावर पाच-सहा वर्षं छान राहते. फिल्म बनवणाऱ्या कंपन्या माहितीपत्रकात हवामानाप्रमाणे वेगवेगळी वर्षं देतात. दुकानदार थंड मुलुखाचा आकडा वाचून दाखवेल, तुम्ही उष्ण मुलुखाचा वाचून घ्या. आडव्या पृष्ठभागासाठी त्याहूनही कमी धरा.

म्हणून माझा आग्रह आहे की बोनेटवर पट्टा नकोच. दिसतो देखणा, पण नागपुरात बोनेट म्हणजे तवा आहे.

कोणता रंग घ्यावा?

लाल, नारिंगी आणि पिवळा हे उन्हात आधी उतरतात. काळा, गडद निळा, राखाडी आणि चंदेरी जास्त टिकतात. दर दुसरा माणूस म्हणतो, 'भाऊ, संत्रानगरीची गाडी हाय, नारिंगीच मारा.' मला ते आवडतं, गावावरचा जीव आहे तो. अशा वेळी मी गडद राखाडी पट्ट्याच्या खाली बोटभर नारिंगी रेघ देतो. नारिंगी फिकी पडली तर तेवढीच रेघ बदलता येते, सगळा पट्टा उखडावा लागत नाही.

गाडी गडद रंगाची असेल तर चंदेरी घ्या, पण एकाच छटेचा. तीन रंगांचे, टोकाला ज्वाळा निघालेले तयार पट्टे मी लावून देतो, मागितले तर नाही म्हणत नाही. पण माझं मत विचाराल तर कामाच्या गाडीला एक रेघ शोभते.

पट्टा नेमका कुठे बसवायचा?

गाडीच्या पत्र्यावर कंपनीने दाबून काढलेली एक घडी असते, पुढच्या चाकाच्या वरून दाराच्या मुठीखालून मागे जाणारी. पट्टा तिच्याशी समांतर पाहिजे. जमिनीशी समांतर लावला तर रिकामी गाडी मागून उचललेली असल्यामुळे पट्टा पुढे ओघळल्यासारखा दिसतो, आणि भरलेली गाडी मागून बसली की उलटा. घडीशी समांतर पट्टा भरल्या-रिकाम्या दोन्ही गाडीवर बरोबर दिसतो. नवशिक्यांची चूक इथेच होते. ते जमिनीवरून टेपने माप घेतात.

चाकांच्या कमानीपासून वीतभर दूर राहा, तिथे गिट्टीचा मार असतो. डिझेलच्या झाकणाखालून पट्टा नेऊ नका. भरताना ओघळलेलं डिझेल गोंद मऊ करतं, आणि तिथली कड पहिल्या दोन महिन्यांत उठते. हौद्याच्या नालीदार पत्र्यावर पट्टी मारायची असेल तर ती प्रत्येक खोबणीत गरम करून बसवावी लागते. ते काम फक्त कास्ट फिल्मने होतं. कॅलेंडर तिथे ताणून बसवली की आठवड्यात खोबणीवर तंबूसारखी उभी राहते. म्हणून हौदा मोकळा सोडा असं मी म्हणतो.

आणखी एक गोष्ट कारागिराकडून हट्टाने करून घ्या. पट्टा अखंड नको. दाराच्या फटीवर कापून, दोन्ही बाजूंना बारीकशी पट्टी आत वळवून घ्यायची. प्रत्येक पत्र्याचा तुकडा स्वतंत्र झाला पाहिजे. उद्या कोणी दाराला ठोकलं, दार बदललं, तर तेवढाच तुकडा नवा लावता येतो. कापण्याची फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या आणि फिल्मच्या रोलवरचा रंगाचा नंबर आरसीच्या झेरॉक्सच्या मागे लिहून ठेवा. तीन वर्षांनी तोच निळा शोधताना लोक माझ्यासमोर हताश उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

खर्च किती येईल?

रोलचा भाव बदलत असतो, म्हणून रुपये लिहीत नाही. पण हिशेब कसा करायचा ते सांगतो. त्याने फसवणूक टळते.

पिकअपची लांबी धरा पाच मीटर. दोन्ही बाजू मिळून दहा. पट्टा चार बोटांचा, म्हणजे साधारण आठ सेंटिमीटर. कापताना वाया जाणारं धरूनही एक चौरस मीटर फिल्म पुरते. रोल चार फूट रुंद येतो, म्हणजे रोलचा एक मीटरही लागत नाही. आता कास्ट आणि कॅलेंडरच्या भावात कितीही फरक असू द्या, तो फरक एका मीटरवर पडणार आहे. मजुरी दोन्हीकडे सारखीच. कापणं तेवढंच, धुणं तेवढंच, चिकटवणं तेवढंच. स्वस्त फिल्म घेऊन वाचवलेले पैसे दोन वर्षांनी ती खरवडून काढण्याच्या मजुरीतच जातात. बारीक पट्ट्यावर फिल्मची काटकसर करू नका, वाचवायचंच असेल तर पट्टा आखूड करा. कारागिराला रोलचं वेष्टण दाखवायला सांगा. ते दाखवायला खळखळ करतो त्याच्याकडे काम देऊ नका.

शोरूमवाला पट्ट्यांचा सेट देतो म्हणतो. घ्यावा का?

सेट त्या मॉडेलच्या घडीला जुळवून कापलेला असतो, हा मोठा फायदा. फिल्म कोणती आणि बोनेटचा तुकडा वगळून मिळेल का, एवढं विचारा. गाडीच्या किमतीत नकळत जोडलेला असेल तर बिलात वेगळा दाखवायला लावा.

पट्टे आधी की मागची रिफ्लेक्टिव पट्टी आधी?

रिफ्लेक्टिव पट्टी. यात दुसरं मत नाही.

डिसेंबरच्या पहाटे जबलपूर रोडला किंवा अमरावती रोडला धुकं उतरतं, तेव्हा कडेला उभी असलेली पिकअप मागच्या ड्रायव्हरला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आपल्याकडे ठरलेले रंग आहेत : पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी. प्रमाणित टेप घ्या, तिच्या अंगावर शिक्का छापलेला असतो. शोभेसाठी पुढच्या बंपरवर लाल चमकती पट्टी लावून मागणारे येतात. मी देत नाही, कारण समोरून लाल चमक दिसली की येणाऱ्याला ती गाडीची पाठ वाटते. खिशात एकाच गोष्टीचे पैसे असतील तर रेघ पुढच्या वर्षी मारू. आधी पाठ उजळवा.

कोणत्या महिन्यात काम करून घ्यावं?

दिवाळीनंतर ते होळीआधी, सकाळी नऊ ते बारा. पत्रा हाताला कोमट लागला पाहिजे. मे महिन्याच्या दुपारी गोंद टेकताक्षणी पकडतो आणि पट्टी सरकवायला वाव राहत नाही. पावसाळ्यात हवेतला ओलावा कडेखाली शिरतो. उन्हाळ्यातच गाडी आली असेल तर सकाळी सातला सावलीत काम करून घ्या, पण आदल्या रात्रीपासून गाडी छपराखाली पाहिजे.

स्वतः लावता येतील का?

सरळ पट्टी असेल आणि मदतीला एक माणूस असेल तर येते. गाडी शाम्पूने धुवा. नव्या गाडीवर शोरूममध्ये मेण किंवा पॉलिश चोपडलेलं असतं, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. या पायरीला कंटाळा केला की बाकी सगळं फुकट. वर-खाली कागदी टेप लावून रेघ आखा. बाटलीभर पाण्यात शाम्पूचे दोन-चार थेंब टाकून पत्रा भिजवा, म्हणजे पट्टी सरकवता येते. मधून कडेकडे स्क्वीजीने, म्हणजे चपट्या घासपट्टीने, पाणी काढत जा. पट्टी धरून ठेवणारा वरचा ट्रान्सफर कागद ओढताना पट्टीशी जवळजवळ चिकटवून, सावकाश, उलट्या दिशेने ओढायचा. फुगा राहिला तर सुईने एक टोच आणि अंगठ्याने दाब. बारीक फुगे आठवडाभरात आपोआप बसतात, त्यांच्या मागे लागू नका.

पट्टा वाकडा बसला तर पहिल्या पाच मिनिटांत उचला. नंतर ताणला जातो.

पूजा, हार, धुणं : काय सांभाळायचं?

पहिले दोन दिवस पाणी नाही. गोंद पूर्ण पकडायला तेवढा वेळ लागतो. सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी मारताना नळी हातभर लांब आणि समोरून धरायला सांगा, कडेला तिरपा झोत नको.

दसऱ्याला गाडीची पूजा होते, व्हायलाच हवी. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या मुलखातली माणसं आपण, गाडीही सजणारच. झेंडूचा हार मात्र सेलोटेपने पट्ट्यावर चिकटवू नका. टेप काढताना पट्टीची कड सोबत येते. पांढऱ्या किंवा चंदेरी पट्ट्यावर ओली हळद राहिली तर डाग धरते, त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

संत्र्याची वाहतूक करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. संत्र्याच्या सालीतलं तेल गोंद विरघळवतं. बाजारात मिळणारे कित्येक गोंद काढायचे द्रव याच तेलापासून बनतात. काटोल, नरखेडचा माल भरताना फुटलेली फळं पट्ट्याच्या कडेवर चिरडली गेली तर साध्या पाण्याने धुऊन टाका. दिवसचे दिवस तशीच राहू देऊ नका.

पुढे विकताना किंमत कमी येईल का?

पट्ट्याने सहसा नाही. नावाने येते. 'आई-बाबांचा आशीर्वाद' दुसऱ्याच्या गाडीवरचा कोणी विकत घेत नाही, घेणारा तो काढायचे पैसे आधी वजा करतो. नाव हवंच असेल तर छोटं आणि केबिनच्या कपाळावर घ्या.

पट्ट्याची खरी अडचण सावलीची आहे. पाच वर्षं झाकलेला रंग नवाच राहतो आणि भोवतीचा उन्हाने उतरतो. पट्टा काढला तरी त्याची आकृती पत्र्यावर दिसते. पांढऱ्या गाडीवर ती फार जाणवत नाही, लाल किंवा निळ्या गाडीवर स्पष्ट दिसते. दोन-तीन वर्षांतच गाडी बदलणारे असाल आणि गाडी रंगीत असेल, तर माझ्याकडे येऊ नका. हे मी माझ्या पोटाकडे बघून नाही, तुमच्या गाडीकडे बघून सांगतो.

जुने पट्टे काढायचे कसे?

उन्हाळ्यात. एरवी हीट गन लागते, एप्रिलमध्ये नागपूरचं ऊनच ते काम करतं. फिल्म कोमट-मऊ झाली की कोपरा नखाने उचला आणि पत्र्याला समांतर, मागे दुमडून, धीराने ओढा. गोंद राहिला तर संत्र्याच्या तेलाचा क्लीनर किंवा रॉकेल कापडावर घेऊन भिजू द्या, मग पुसा आणि शाम्पूने धुवा. थिनर नको, ब्लेड तर अजिबात नको.

विमा कंपनीला कळवावं लागतं का?

कळवा. पट्ट्यांचं बिल जपून ठेवा आणि पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी जादा सामान म्हणून नोंद करता येते का ते लेखी विचारा. नोंद नसलेल्या वस्तूची भरपाई मागताना वाद होतो.

घरात दोन मतं आहेत. मुलगा म्हणतो पाहिजेत, मी म्हणतो नको. काय करू?

काटोलकडचे एक काका आणि त्यांचा मुलगा असेच आले होते. काकांचं म्हणणं, 'कर्जावर गाडी घेतली, अन् हा नटवून राहिला.' मुलगा मान खाली घालून उभा. गाडी तोच चालवणार होता. मी पैसे न घेता निळ्या कागदी टेपने मुलाच्या मनातला पट्टा एका बाजूला आखून दिला आणि म्हटलं, संध्याकाळपर्यंत बाजारात फिरवून आणा, मग टेप काढा. कागदी टेप उन्हात रात्रंदिवस ठेवायची नाही, तिचा गोंद पत्र्याला धरतो. संध्याकाळी दोघं परत आले. काकांनी गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी करायला लावली, वीस पावलं मागे गेले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'अर्धा कर.' पट्टा आठ सेंटिमीटरचा होता, तो चारचा झाला.

तुम्हीही हेच करा. पट्टा कधीही हाताच्या अंतरावरून ठरवू नका. रस्त्यावरून तो वीस पावलांवरूनच दिसणार आहे.

तुमच्या स्वतःच्या गाडीवर आहेत का पट्टे?

आहे, एकच. गाडी पांढरी, पट्टा गडद निळा, दोन बोटं रुंद. बोनेटच्या बाजूने निघतो आणि दाराच्या मागच्या कडेवर संपतो. हौदा कोरा आहे. आखताना मी प्लॉटर बाजूला ठेवून वडिलांची दोरी आणि खडू काढला. दुसरं टोक माझ्या मुलीने धरलं होतं, आणि रेघ उमटेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. मागच्या वर्षी डाव्या दाराला एका ऑटोचा धक्का लागला आणि दार बदलावं लागलं. तेवढा तुकडा त्याच रोलमधून कापून लावला. रोल सावलीत कपाटात होता, म्हणून दारावरचा निळा पुढच्या निळ्यापेक्षा जरा गडद आहे. सकाळच्या उन्हात उभं राहून पाहिलं तर तो फरक दिसतो. मी तो तसाच ठेवला आहे.